चपलांसाठी पंधरा सेकंद

सकाळी स्वयंपाकघरात काचेचा पेला फुटला. एवढंच झालं. ऋचाच्या ओल्या हातातून तो निसटला, फरशीवर पडला, त्याचे तुकडे पार फ्रिजखाली गेले, आणि डबा घ्यायला दारात आलेल्या योगेंद्रला ती मान वर न करताच म्हणाली, "थांब, पुढे येऊ नकोस. आधी पायात चपला घाल, मग ये." कुठल्याही घरात बायको नवऱ्याला सांगते तसंच तिने सांगितलं. पण योगेंद्र होता तिथेच, दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला. ऋचा केरसुणी हातात घेऊन वळली तर नवरा जमिनीवर. "काय झालं? काच लागली का?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. काच लागली नव्हती. त्याला त्याचंच वाक्य लागलं होतं. गेली दोन वर्षं तो हे वाक्य माइक धरून, हिंदीत आणि मोडक्यातोडक्या गुजरातीत, कामगारांच्या रांगांपुढे म्हणत आला होता. पहले पैर में चप्पल डालो, फिर निकलो. आग लागली की खिडक्या फुटतात, जिन्यावर काच असते, अनवाणी पाय फाडून घेऊ नका. घरीसुद्धा म्हणून दाखवलं असेल कधीतरी, कौतुकाने. ऋचाला ते तिथूनच मिळालं असणार. मिलच्या आगीत तिघं गेली हे त्याने नऊ दिवसांपूर्वी तिला सांगितलं होतं. चपलांचं सांगितलं नव्हतं.

"आज नको जाऊस," ऋचा म्हणाली. "जायला हवं," तो म्हणाला, आणि बूट चढवून बाहेर पडला. कुठे जायला हवं ते तिला वाटलं मिलमध्ये. तो मात्र उधन्याच्या नाक्यावरून मिलच्या वाटेने, बमरोलीकडे, न वळता लिंबायतच्या रिक्षात बसला. रिक्षात आधीच तिघी बायका होत्या, मांडीवर साड्यांचे गठ्ठे घेतलेल्या, टिकल्या लावायला घरी नेत असलेल्या. योगेंद्र ड्रायव्हरशेजारी अर्ध्या बुडावर टेकला आणि बॅग छातीशी धरली. बॅगेत एक कागद होता. त्या कागदावर संध्याकाळी सहापर्यंत त्याची सही व्हायला हवी होती. कागदावर लिहिलं होतं: आग लागल्यास कोणत्याही वस्तूसाठी, पादत्राणांसाठीसुद्धा, थांबू नये असे प्रशिक्षण सर्व कामगारांना वेळोवेळी देण्यात आले होते, मृत कामगारांनी या सूचनेचे पालन केले नाही. खाली योगेंद्र खानापूरकर, सेफ्टी ऑफिसर, आणि सहीसाठी रेघ. मिलचे मॅनेजर बन्सीलाल यांनी काल तो कागद पुढे सरकवला तेव्हा त्यांचा आवाज फार मऊ होता. "खानापूरकरसाहेब, इसमें झूठ क्या है? आपकी किताब में यही लिखा है ना?" खरंच तेच लिहिलं होतं. शिकवण्याच्या पुस्तकात, पान बारावर, थांबू नये असंच छापलेलं होतं. चपला घाला हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते फक्त योगेंद्रच्या तोंडात होतं आणि ऐकणाऱ्यांच्या पायांत होतं. ऐकणाऱ्यांपैकी तिघं मेली होती आणि उरलेल्यांना नोकरी टिकवायची होती. त्याने सही केली असती तर त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. हे त्याला काल संध्याकाळपासून पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याला झोप नव्हती.

तो काही वाईट माणूस नव्हता. हे तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि माणूस असं सांगायला लागला की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. वाईट असता तर हे झालंच नसतं. सगळं सुरू झालं ते दयेपोटी. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्याने फोल्डिंग खात्याची आगीची पहिली कवायत घेतली होती. फोल्डिंग खातं दुसऱ्या मजल्यावर. तिथे तयार कापडाच्या घड्या घालतात, त्यामुळे तिथे कुणी चपला घालून जात नाही. पांढऱ्या कापडावर डाग पडला तर अख्खा ताका परत येतो. पुढच्या जिन्याच्या तोंडाशी, लिफ्टला लागून, लोखंडी मांडणी आहे. कामगार तिथे चपला काढतात आणि दिवसभर अनवाणी हिंडतात. भोंगा वाजला, माणसं खाली आली, आणि भर दुपारी अंगणातल्या सिमेंटवर रांगेत उभी राहायची वेळ आली तेव्हा ती नाचायला लागली. एक पाय उचल, दुसरा टेक. बघणाऱ्यांना हसू आवरेना. साहेबलोक मोबाइलवर चित्रण करत होते. विठ्ठल नावाचा एक उतारवयाचा कामगार मात्र नाचला नाही. रांगेत उभं राहा असं सांगितलं होतं, म्हणून तो पाच मिनिटं स्थिर उभा राहिला, आणि नंतर नळाखाली पाय धरून बसला तेव्हा योगेंद्रने त्याच्या तळव्यावरचे फोड पाहिले. त्याच्या स्वतःच्या पायात जाड तळाचे बूट होते. त्याला लाज वाटली, अगदी पोटातून वाटली. अशी लाज वाटणारा सेफ्टीवाला आपणच, असा एक छोटासा अभिमानही त्या लाजेच्या आत होता, हे त्याला आज रिक्षात कळत होतं.

पुढच्या वर्गात त्याने नियम बदलला. निघताना चपला घाला. घड्याळ लावून बघितलंय मी, पंधरा सेकंद लागतात. पंधरा सेकंदांनी कुणी मरत नाही. हे शेवटचं वाक्यही तो म्हणाला होता. एकदा नाही, दर वर्गात म्हणाला होता, आणि लोक हसून मान डोलवायचे. मांडणीवर त्याने रंगाने आकडे घालून घेतले, ज्याची त्याची जागा ठरवून दिली, चपलांचे अंगठे जिन्याच्या दिशेला ठेवायला लावले, म्हणजे पाय सरळ आत जातो. पाठीमागचा लोखंडी जिना होताच. पण चपला पुढे, म्हणून माणसंही पुढे. कवायतीत आग कुठे लागली असं समजायचं ते योगेंद्रनेच ठरवायचं, आणि तो दर वेळी ती मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरच्या खोलीत लावायचा, कारण पुढच्या अंगणात मालक पाहुण्यांना घेऊन उभे असायचे आणि माणसं रांगेने त्यांच्या समोर उतरलेली बरी दिसायची. त्याच्या आगीला धूर नव्हता. मागची आग, पुढचा जिना, पायात चपला. पहिल्या कवायतीला चार मिनिटं दहा सेकंद लागले होते, नंतर ते तीन वीसवर आलं. बन्सीलालजींनी पेढे वाटले. मालकाच्या पाचही मिलमध्ये खानापूरकरसाहेबांचा चपलांचा नियम लागू झाला. खऱ्या आगीच्या दुसऱ्याच दिवशी त्याने उरलेल्या चारही मिलना फोन करून तो नियम काढायला लावला. नवीन नियमावली आली आहे, असं त्याने शांत आवाजात सांगितलं. कसली नियमावली न् काय. पण त्या चार फोनांमुळे एक गोष्ट झाली. आपल्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय त्याला उरली नाही.

"साहब, इधर से गली में नहीं जाएगी," रिक्षावाला म्हणाला. योगेंद्र उतरला. गल्लीच्या दोन्ही अंगांनी यंत्रमागांचा खडखडाट चालू होता आणि पायाखालची जमीन बारीक थरथरत होती. वाल्मिकच्या घराचा पत्ता त्याला नोकरीच्या अर्जावरून तोंडपाठ होता. वाल्मिक फोल्डिंग खात्याचा प्रमुख. म्हणजे पगाराने नव्हे, आग लागली तर माणसं बाहेर काढण्यापुरता. योगेंद्रनेच त्याला निवडलं होतं. अमळनेरकडचा, तिशीच्या आतला, खणखणीत आवाजाचा. नारिंगी जाकीट आणि शिट्टी दिली तेव्हा तो इतका खूश झाला की जेवायच्या सुट्टीतही त्याने जाकीट काढलं नाही. त्याने स्वतःच्या डोक्याने एक सुधारणा केली होती. भोंगा झाला की तो मांडणीपाशी जाऊन उभा राहायचा आणि चपला हातात द्यायचा. चोवीस जणांच्या चोवीस जोड्या तो नजरेने ओळखायचा, कुणाचा पट्टा तुटलाय, कुणी नव्या घेतल्यात, सगळं. शेवटची जोडी गेली की मग स्वतःची घालायची आणि शिट्टी वाजवत उतरायचं. योगेंद्रने त्या सुधारणेबद्दल सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती.

आणि मग त्या मंगळवारी पावणेबाराला भोंगा झाला. कवायत नव्हती. खालच्या मजल्यावर कापड सुकवणाऱ्या लांबलचक यंत्राने पेट घेतला होता आणि धूर लिफ्टच्या पोकळीतून सरळ वर, मांडणीच्या तोंडाशी निघत होता. योगेंद्र अंगणात होता. भोंगा ऐकताच त्याच्या अंगठ्याने आपोआप घड्याळाची कळ दाबली. नंतर पोलिसांनी विचारलं, आग किती वाजता, तर त्याला मिनिटासेकंदासकट सांगता आलं, आणि ते ऐकून इन्स्पेक्टरने त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. पहिले सहा जण मागच्या जिन्याने उतरून, इमारतीला वळसा घालून धावत आले. दीड मिनिटसुद्धा झालं नव्हतं. भेदरलेले, घामाघूम, पण धडधाकट. ते समोर येऊन उभे राहिले तेव्हा योगेंद्रची नजर त्यांच्या पायांकडे गेली आणि त्याच्या तोंडून शब्द निघाले, "चप्पल कहाँ है?" हे त्याने आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. वर माणसं घुसमटत होती आणि हा खाली जिवंत माणसांना चपलांबद्दल दटावत होता. मग पुढच्या दाराने खोकत, एकमेकांना धरून पंधरा जण आले. त्यांच्या पायांत चपला होत्या. हातातल्या कागदावर तो खुणा करत गेला, एकवीसपर्यंत पोचला आणि थांबला. वरून शिट्टीचा आवाज येत होता. त्याला तेव्हा वाटलं, वाल्मिक आहे, म्हणजे सगळं नीट चाललंय. शिट्टी वाजायची थांबली तेव्हाही त्याला वाटलं की आता तो उतरतोय. पुढच्या जिन्याच्या वळणावर तिघं सापडली. विठ्ठल, धागे कापणारी तारा, आणि सगळ्यांत वर वाल्मिक.

घर लगेच कळलं. दाराबाहेर चपलांची रांग होती. दुःखाच्या घरी येणाऱ्यांच्या चपला नेहमी अस्ताव्यस्त पडलेल्या असतात, कुणाचं लक्ष असतं? पण ही रांग सरळ होती आणि प्रत्येक जोडीचे अंगठे गल्लीकडे होते. निघताना पाय सरळ आत जावा म्हणून. योगेंद्र बुटाची नाडी सोडायला वाकला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. आत कुणीतरी म्हणालं, "मिलवाला उना," आणि बायकांचं रडणं एकदम वर चढलं, नवा माणूस दारावर आला की चढतं तसं. तो मोज्यांनिशी आत गेला. एकच खोली. भिंतीशी वाल्मिकची आई, सुभद्राबाई, दोन शेजारणींच्या मध्ये बसलेली. कोपऱ्यात बहीण योगिता, बावीस-तेवीस वर्षांची, साड्यांच्या दुकानात बिलावर बसणारी. ती रडत नव्हती. तिने सतरंजीवर जागा केली आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"बठा सर," सुभद्राबाई म्हणाल्या. रडणं ओसरलं. "सर म्हंजे तुमीनच ना? मना वाल्मिक लई नाव ले तुमनं. घरमाबी आमले शिकाडे. चपला अश्या ठेवा, तश्या ठेवा. मी हासू त्याले." योगेंद्रने मान खाली घातली. या शहरातल्या अकरा वर्षांत त्याला अमळनेरकडची ही अहिराणी बोलता आली नव्हती, पण कळायची सगळी. "पोरगा गुणी होता, मावशी," तो म्हणाला, आणि आपलंच बोलणं त्याला मिलच्या शोकसभेतल्यासारखं वाटलं. सांगायचं ठरवूनच तो आला होता का? ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. कदाचित नुसतं बसून, हात जोडून, थोडं रडून निघायचं, आणि मग संध्याकाळी सही करायची, असंही त्याच्या मनात होतं. दारावर जाऊन आलो याचं जरा बळ येतं सही करायला. असा हिशेबी विचार आपल्या मनात आहे हे दिसल्यावर त्याला स्वतःची किळस आली.

"सर, एक विचारू?" योगिता म्हणाली. ती मराठी शाळेत शिकलेली, बोलणं सरळ. "परवा मिलमधून दोन जण आले होते. ते बोलले की भाईने ऐकलं नाही. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की काही घ्यायला थांबू नका, तरी तो चपला घ्यायला थांबला, आणि त्याच्यामुळे बाकीचे दोघं पण गेले. तारामावशीचा पोरगा काल दारात येऊन आईला काय काय बोलून गेला. तुझ्या पोराने माझ्या आईला मारलं बोलला." तिचा आवाज इथे जरासा हलला, पण तिने तो सावरला. "तुम्ही शिकवायचे ना? मग तुम्हीच सांगा. माझ्या भाईने ऐकलं नाही का?"

खोलीत सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या. बाहेरचा खडखडाट चालूच होता. वाचवणारं उत्तर त्याच्याजवळ तयार होतं, छापील होतं, पान बारावर होतं. ते अगदी हळुवारपणे सांगता आलं असतं. घाईत माणसाचं भान सुटतं, ताई, त्याचा दोष नाही. कुणी दुखावलं नसतं. योगेंद्रने तोंड उघडलं. त्याला एकाएकी शिट्टी आठवली. आवाज नव्हे, तर ती वाजताना खाली उभं राहून आपल्याला वाटलेला तो निर्धास्तपणा. "त्याने ऐकलं," तो म्हणाला. "मी जसं सांगितलं होतं तसंच केलं. अगदी तसंच."

"मी सांगत व्हती ना!" सुभद्राबाई एकदम ताठ बसल्या. नऊ दिवसांत पहिल्यांदाच असाव्यात. शेजारणीच्या मांडीवर त्यांनी हात आपटला. "मी सांगत व्हती ना व माय! मना पोऱ्या आयकनारा व्हता! सांग त्या ताराना पोऱ्याले, सर सोता सांगी ऱ्हायनात!" त्यांचा चेहरा उजळला होता. योगेंद्रला ते बघवेना. त्यांना अर्धंच कळलं होतं, आणि ते अर्धं सुखाचं होतं. इथे थांबता आलं असतं. पण योगिताच्या चेहऱ्यावर सुख नव्हतं. ती त्याच्याकडे एकटक बघत होती, आणि तिला कळत चाललंय हे त्याला दिसत होतं.

"लिहून देता?" ती म्हणाली.

त्याने बॅग उघडली. दुसरा कागद नव्हता. असता तर कदाचित त्याने दुसरा घेतला असता, आणि घरी जायच्या वाटेवर पुन्हा विचार केला असता. मिलचा कागद त्याने उलटा करून मांडीवर ठेवला आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागला. अक्षर शाळकरी पोरासारखं आलं. त्याने सगळं लिहिलं. विठ्ठलच्या तळव्यांचं, पंधरा सेकंदांचं, मांडणीवरच्या आकड्यांचं, मागच्या बाजूला लावलेल्या खोट्या आगीचं. वाल्मिकला चपला वाटत उभं राहायची शाबासकी मी दिली. मागचा जिना मोकळा होता. त्या जिन्याने जे सहा जण अनवाणी उतरले त्यांना काहीही झालं नाही. खाली सही केली, तारीख घातली. सही करताना त्याला हलकं वाटेल अशी त्याची आशा होती. तसं काही वाटलं नाही. नोकरी गेली, कदाचित खटलाही होईल, ऋचाला काय सांगायचं, असे साधे, रोजचे विचार एकामागून एक आले.

योगिताने कागद घेतला. आधी मनात वाचला. मग आईकडे बघून, एकेक वाक्य सोपं करत, घरच्या बोलीत सांगायला लागली. सुभद्राबाई पहिल्यांदा मान डोलवत ऐकत होत्या. मग डोलणं थांबलं. शेजारणीने तोंडाला पदर लावला. योगिताचं वाचून झालं आणि ती कागदाची घडी घालत बसली, एकदा, दोनदा, फार बारीक.

"मंग तो आयकीसनच मरना," सुभद्राबाई म्हणाल्या. त्या त्याला बोलत नव्हत्या. भिंतीला सांगितल्यासारखं बोलल्या. योगेंद्रने हात जोडले; जोडलेले हात त्यांनी पाहिले की नाही कुणास ठाऊक. त्यांनी शिव्या द्याव्यात, अंगावर धावून यावं, कागद फाडावा, काहीही करावं असं त्याला वाटत होतं. त्या काहीच करत नव्हत्या. त्या विचार करत होत्या. कपाळाला आठ्या घालून, एखादा राहिलेला दुवा शोधावा तसा, आणि मग त्यांना तो सापडला.

"सर," त्या म्हणाल्या, "त्या सहा जन वाचनात, त्यास्नी नही आयकं का तुमनं?"

"ते नवीन होते, मावशी," योगेंद्र म्हणाला. "आठवडाच झाला होता लागून. त्यांचं ट्रेनिंग पुढच्या सोमवारी ठेवलं होतं."